ओला कापूस

मागच्या खोलीचं दार परवा आपोआप लागलं. श्रावणात ते असं फुगतं की खांदा लावल्याशिवाय हलत नाही. दिवाळीपर्यंत रुसल्यासारखं अर्धवट उघडं राहतं. मग माघ सरता सरता एका दुपारी, कुणाचा हात न लागता, वाऱ्यासरशी चौकटीत जाऊन बसतं. भिंतीवर दिनदर्शिका आहे, पण आमच्या घरात कोरडे दिवस आल्याची वर्दी हे दारच देतं.

दार लागल्याचा आवाज आला तेव्हा मी लसूण सोलत होते. हात थांबले आणि कानशिलं तापली. घरात कुणी नव्हतं, तरी मला लाज वाटली. गेल्या वर्षीचा फाल्गुन आठवला की ती वाटतेच, आणि ती जावी म्हणून मी फारशी खटपटही करत नाही.

आमच्या गावाकडे, शेणव्याच्या बाजूला, ही हवा सुरू झाली की आधी जंगलाचा आवाज बदलतो. सागाची पानं गळून पडतात, आणि त्यांवरून एखादी शेळी गेली तरी बैलगाडी गेल्यासारखं वाटतं. वारा उलट्या बाजूने, घाटाकडून येतो. लोखंडी कपाटाला हात लावावा तर झिणकन झटका बसतो. शेणानं सारवलेल्या अंगणाला भेगा पडतात आणि आमच्या टाचांनाही. मी शहापूरला औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे मला हा ऋतू फळीवरून कळतो. आधी ओठांची मलमं संपतात, मग टाचांची, आणि होळीच्या सुमारास घोळणा फुटलेली पोरं नाकाला रुमाल लावून येतात. माणसासाठी काही ना काही मलम असतंच. लाकडाचं काय करायचं, हा प्रश्न चाळीस वर्षांत मला कधी पडला नव्हता.

तो पडला युकुलेले नावाच्या वाद्यामुळे. माझी भाची सायली मुरबाडला कॉलेजात शिकत होती. तिनं मैत्रिणीकडून ते आणलं होतं, आणि दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा सहज माझ्या मांडीवर ठेवलं. चार तारा, त्याही मऊ, आणि अंगानं इतकं लहान की पदराखाली झाकलं जावं. मी अंगठा फिरवला. जे काही वाजलं ते ऐकून मी परत फिरवला. मला गाता येत नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला फक्त ओठ हलवायला सांगायच्या, आवाज काढू नको म्हणायच्या, आणि मी ते अगदी मनापासून पाळलं, शाळा सुटल्यावरही. आपल्या तोंडून नाही तर आपल्या हातून सूर निघू शकतो, हे मला या वयात कळलं.

तसंच एक मी स्वतःसाठी मागवलं, पार्सल दुकानाच्या पत्त्यावर. शेठनी विचारलं, "भाचीला का?" मी मान हलवली. घरी नवऱ्यानं पिशवी उघडून बघितली आणि म्हणाला, "गिटारीचं पिल्लू आणलंस. ह्याची आई कुठाय?" तो शाळेच्या मुलांची जीप चालवतो, दिवसभर पोरांची चेष्टा ऐकून त्याच्या जिभेला तीच सवय लागली आहे. मी पिशवी ओढून घेतली. चाळीशी गाठलेल्या बाईनं स्वतःसाठी असलं काही आणावं याची मला इतकी लाज वाटत होती, की तो हसला नसता तरी मला हसल्यासारखाच दिसला असता.

आई हसल्या नाहीत. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी हात पुसले, नारळ बघावा तसं बोटाच्या पेरानं त्या पोटावर ठोकून बघितलं.

"हलका हाय गो. आत काय नाय?"

"आत रिकामंच असतं, आई."

"मंग तवाच वाजतं," त्या म्हणाल्या, आणि देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. त्याला त्या सारंगी म्हणायला लागल्या. मी किती वेळा म्हटलं, कुणाला सांगू नका. हातपंपापासून दूध घालायच्या जागेपर्यंत सगळ्यांना कळलं की आमच्या ज्योतीनं सारंगी आनलीय.

मी वाजवायची ती मागच्या खोलीत, दार रेटून लावून, चोरासारखी. बोटांची टोकं आधी हुळहुळली, मग निबर झाली. आई दाराबाहेर सूप घेऊन वाल निवडत बसायच्या. कुणी आलं की म्हणायच्या, "ज्योती आत कामात हाय." एकच चाल मी दहादा चुकायची आणि बाहेर सुपाचा आवाज तसाच चालू असायचा. एकदा मात्र चाल पहिल्यांदा नीट जमली, तर सूप थांबलं. तेवढंच. 

वाद्याबरोबर एक कागद आला होता. त्यात लिहिलं होतं की कोरड्या हवेत याचं लाकूड आटतं, शिवणी उकलतात, पोट फाटतं, म्हणून पिशवीत थोडी ओल ठेवा. मी औषधाच्या दुकानातली बाई, मी माझ्या पद्धतीनं उपाय केला. गोळ्यांच्या रिकाम्या डबीला गरम सुईनं भोकं पाडली, आत कापूस घातला, तो ओला करून पिळला, आणि ती डबी तारांच्या मधून त्या पोटात सोडली. कापूस सुकला की पुन्हा ओला करायचा. हे सगळं दार लावून. आई विहिरीवरून दोन खेपा करून हंडे आणणार, आणि त्यातलं चमचाभर पाणी सून एका वाद्याला पाजणार. हे कुणाला तोंडानं सांगावं? चमचाभर पाण्यानं कुणाचं काही अडलं नसतं, हे मलाही माहीत होतं. पण सांगायची लाज वाटली आणि मी सांगितलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

आमच्या भागात लाकडाला ओल देणं हा विचारच कुणाच्या डोक्यात येणार नाही. चार महिने जो पाऊस कोसळतो त्याच्याशी भांडण्यात इथल्या पिढ्या गेल्या. पट्ट्याला बुरशी, वहीला बुरशी, ठेवणीतल्या साडीच्या घडीला बुरशी. कुजणं म्हणजे काय ते इथे लहान मूलही जाणतं, वाळून फुटणं मात्र कुणाच्या हिशेबात नसतं. म्हणून जे जपायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. गॅस आला, पण भाकरीसाठी पडवीत चूल आहेच, आणि तिच्या डोक्यावर बांबूचा काळाकुळकुळीत माळा. बियाण्याचा दुधी, मक्याची कणसं, सुकट, नव्या टोपल्या, होळीचा ढोल. धुरात राहिलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही, बुरशी धरत नाही. आईंच्या दृष्टीनं घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या वाढदिवसाचं बाळलेणं त्यांनी बरीच वर्षं तिथेच, मडक्यात घालून ठेवलं होतं.

फाल्गुनात सायलीचा साखरपुडा ठरला आणि मी चार दिवस मुरबाडला गेले. मुरबाडचं ऊन आमच्याहून कडक. बाजारात कलिंगडांच्या राशींवर ओली पोती टाकलेली, घरात गाद्यांना हात लावावा तर त्याही तापलेल्या. सायली माझ्या मागे लागली, "आते, माझ्या हळदीला तू वाजवायचास. डीजे नंतर. पहिला तू." मी नको नको म्हणत कबूल झाले. रात्री झोपताना मांडीवर बोटांनी ती चाल वाजवून बघत होते. इतकी खूश मी अलीकडे कधी झाले नव्हते, हे आज लिहितानाही खरं आहे.

परत आले तेव्हा आई दारातच उभ्या होत्या. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि थेट पडवीत नेलं. पाटावर चढून माळ्यावरून एक गाठोडं काढलं. त्यांच्या मऊ जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं माझं युकुलेले.

"अगो, तुझी सारंगी आतून ओली झाली व्हती," त्या म्हणाल्या. "कापूस कोनी घातला कोन जाने. लाकूड कुजला असता ना. मी कापूस काढून फेकला, उन्हात चांगली सुकवली नि वर धुरात ठेवली. आता भुंगा नाय लागायचा तिला."

धुराचा वास माझ्या नाकात गेला. लुगडं सोडलं. पोटावरच्या भोकापासून खालपर्यंत एक रेघ गेली होती, केसाएवढी, सरळ. खालची पट्टी, जिला तारा बांधतात, ती एका बाजूनं उचलली गेली होती. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्या रेघेवर तळहात ठेवला आणि हसले.

"बरं केलंत, आई," मी म्हटलं.

आणि मला वाटलं, आपण किती चांगल्या आहोत. हे लिहायला जड जातं, पण वाटलं ते हेच. म्हाताऱ्या माणसाला दुखवलं नाही, आवाज चढवला नाही, नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. वाद्य कपाटात कपड्यांच्या मागे ठेवून दिलं. आईंनी विचारलं, "वाजवत नाय हल्ली?" मी म्हटलं, दुकानात काम वाढलंय. त्यांनी परत विचारलं नाही.

त्यानंतरचा चैत्र मी आता पुन्हा पुन्हा आठवते, कारण तेव्हा मला तो दिसलाच नव्हता. पळस फुलून गेले होते. करवंदांच्या जाळ्यांना हिरवी फळं धरली होती. भाताच्या रोपांची जागा भाजायला, राबासाठी, शेतात पालापाचोळा जाळत होते आणि संध्याकाळी राख उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर येत होती. आणि आमच्या घरात आई विचारायला लागल्या होत्या. "ह्यो डबा उघडू का?" "चटनी वाटू का आता?" "ही पिशवी हितं ठेवली तं चालंल?" मी म्हणायची, हो आई, चालेल ना, ठेवा की. गोड आवाजात. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तोच आवाज. मला वाटलं वय झालं, ऊन सोसत नसेल. एकदा तर मनात आलं की सासू किती निवळली, आणि ते मी माहेरी फोनवर सांगितलंसुद्धा.

ज्या बाईनं हे घर बांधताना नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर विटा वाहिल्या, ती मला डबा उघडायची परवानगी मागत होती, आणि मी ती देत होते.

वैशाखात मुरबाडला हळद झाली. मांडवाला आंब्याच्या डहाळ्या, खाली गोधड्या, बायकांनी गच्च भरलेल्या. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी आमच्याकडची म्हातारी, एक गाणं संपवून पाणी पीत होती. हळदीनं माखलेल्या सायलीनं मध्येच मला हाक मारली.

"आते, आनलीस ना? वाजव ना. तू बोल्लेलीस."

"दुरुस्तीला दिलीय गो," मी म्हटलं.

"कशाला खोटा बोलतेस?" हे आईंनी म्हटलं. त्या माझ्या बाजूलाच बसल्या होत्या, दोन्ही हात हळदीनं पिवळे. "माझ्या हातनं फुटली ती. मी अडानी, धुरात घातली नि फोडली. पोरीनं हौशीनं आनलेली." मग जरा थांबून, खाली गोधडीकडे बघत, "नि येवढा झाला तरी मला येक शब्द बोलली नाय ती."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. "नशीब काढलंत हो, विहीणबाय," एक म्हणाली. "आशी सून दिवा घेऊन शोधली तरी गावायची नाय." माझी वहिनी अभिमानानं म्हणाली, आमच्या ताईंचा स्वभावच तसा. कुणीतरी माझ्या गालाला हळद लावली. त्या कौतुकात मी बसून राहिले. उठून जाता येईना, की वर बघता येईना. लाज म्हणजे काय हे मला तेव्हा समजलं. त्याआधी जिला मी लाज म्हणत होते ते नुसतं संकोचाचं कौतुक होतं.

नंतर मागच्या टाकीपाशी आम्ही दोघी हात धूत होतो. हळद काही केल्या निघत नव्हती.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तू हात ठेवलास ना त्याच्यावर. तवाच."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलाच असता. वाटू द्याचा ना." त्यांनी नखांत अडकलेली हळद काढत म्हटलं, "मी वाट बगितली. आज बोलंल, उद्या बोलंल. माझ्या सासूनं मडका फुटला तं अख्ख्या गावाला आयकवलान. दुसऱ्या दिशी माझ्या डोक्याला तेल पन तिनंच लावलान. पावन्याच्या हातनं कप फुटला का आपुन बोलतो ना, आसू द्या, आसू द्या. तसा बोललीस तू मला. मी काय पावनी हाय काय तुझ्या घरात?"

तुझ्या घरात, असं त्या म्हणाल्या.

मी तिथल्या तिथे रागवायचा प्रयत्न केला. खोटं नाही सांगत. त्यांना हवं तर तेही देऊ म्हणून मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं, "तुम्ही मला विचारायला हवं होतं, आई." ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका म्हणताना जसा येतो तसा, नीटनेटका आवाज.  आई पदराला हात पुसून मांडवात गेल्या.

त्या दिवसापासून मी हे मनात घोळवते आहे. आमच्या गावात ओरडून बोलणाऱ्या बायकांना मी नेहमी थोडं खाली लेखलं. कुणाची कोंबडी कुणाच्या ओट्यावर आली की सकाळभर भांडण, आणि दुपारी त्याच दोघी एका ताटलीतून कैरी खाताना. मला ते गावंढळ वाटायचं. मी हळू बोलते, मी शिकलेली आहे, मी समजून घेते. त्या समजून घेण्यात समोरच्याला बसायला जागाच नसते, हे मला माहीत नव्हतं. ओल निदान दिसते, वास येतो, बुरशी धरते. कोरडेपणाचं काही कळत नाही. लाकूड आतल्या आत आटत राहतं आणि वरून सगळं जसंच्या तसं चकचकीत असतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं सुताराकडून डिंक आणून ती भेग भरली, उचललेली पट्टी दाबून बसवली. आवाज थोडा खरखरतो, पण वाजतं. आईंना मी डबी दाखवली, कापूस दाखवला, लाकडाला ओल कशाला लागते ते समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. पावसाळ्यात काही करावं लागलं नाही, हवेतच इतकं पाणी होतं. आई बोलायच्या, हसायच्या. पण डबा उघडण्याआधी विचारणं काही थांबलं नाही. मीही सारखी संधी शोधत राहिले, की कशावरून तरी त्यांना रागवावं. पण मुद्दाम रागवायला गेलं की येत नाही. एकदा मीठ जास्त पडलं म्हणून बोलायला गेले, तर त्या इतक्या घाबऱ्या झाल्या की मीच माफी मागितली.

आणि परवा ते दार लागलं.

काल दुपारी दुकानातून लवकर आले. मागच्या खोलीत जाऊन पिशवी उचलली, तर जड लागली. पिशवीच्या तळातून पाणी टपटपत होतं. चेन उघडली. युकुलेलेच्या पोटात, तारांच्या खालून ओढून ओढून, एक अख्खं फडकं कोंबलेलं होतं, चिंब, आणि वरून ओला पंचा गुंडाळलेला. डिंकानं भरलेली भेग पाण्यानं फुगून पांढरी पडली होती. दोरा सुटावा तशी एक तार लोंबत होती. मी विचार केला नाही. विचार करायला वेळच मिळाला नाही.

"आई," मी ओरडले, "हे काय करून ठेवलंत? डबीत कापूस घाला म्हटलं होतं, कापूस. पंचा गुंडाळायला कुणी सांगितलं होतं? भिजवून भिजवून लगदा केलात तिचा. एक वस्तू म्हणून धड राहू देत नाही तुम्ही या घरात."

पडवीतला भाकरी थापायचा आवाज थांबला.  ओला पंचा हातात, पाणी कोपरावरून खाली पायावर, आणि तोंड असं तापलेलं की आरशात बघायची हिंमत झाली नसती. सत्तरीच्या बाईवर मी ओरडले होते. आणि त्याहून लाजिरवाणं हे की तिला त्यासाठी वर्षभर थांबावं लागलं होतं.

"मंग सांगताना नीट सांगाया काय झालेला तुला?" पडवीतून आलं, माझ्या दुप्पट. "चिमटीभर कापूस म्हने. चिमटीभर पान्यानं कोनाची तहान भागते? माझ्यावं वरडायचा काम नाय, सांगून ठेवते. नि आता ती उन्हात नको नेऊस, नायतर परत माझ्याच नावानं बोंबलशील."

मग त्या अंगणात गेल्या. तव्यावर भाकरी तशीच टाकून गेल्या, ती करपल्याचा वास मला आत आला. कुंपणापाशी उभ्या राहून त्यांनी शेजारच्या काकींना हाक मारली आणि सांगायला सुरुवात केली, की बगितलीस का गो, आमची सून कशी अंगावं येते माझ्या, एवढीशी चूक झाली तं केवढी बोलली मला. काकी काहीतरी समजुतीचं बोलत होत्या. आई ऐकून घ्यायला तयार नव्हत्या. त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या, आणि त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता.